दौलताबादचा हौद आणि सयामचा समुद्र



१४ एप्रिल २०२४ रोजी, ऐन भीमजयंतीच्या दिवशी, आमच्या वस्तीतली एक तरुण मुलगी मिरवणुकीत नव्हती. ती थायलंडमध्ये होती. थायलंड म्हणजे पूर्वीचे सयाम. तिचे वडील वाळूजच्या एका कारखान्यात कामाला आहेत, आई घरी शिवणकाम करते आणि मुलगी एका खासगी कार्यालयात संगणकावर हिशेब लिहिते. तीन वर्षे दरमहा २,००० रुपये बँकेच्या आवर्ती खात्यात टाकून तिने ७२,००० रुपये जमवले आणि त्या पैशांत बारा दिवस थायलंडला जाऊन आली. तिथे तिने दोन गोष्टी केल्या. समुद्राच्या पाण्याखाली उतरायचे शिक्षण घेतले, ज्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आणि त्या लोकांचा सोंगक्रान नावाचा पाण्याचा सण पाहिला.

मुलीचे नाव देत नाही. तशी तिचीच विनंती आहे आणि वस्तीत जे बोलले गेले ते ऐकल्यावर ती रास्तच वाटते. कोणी म्हणाले, "जयंती सोडून पाणी खेळायला गेली." कोणी म्हणाले, "होळी-रंगपंचमी आपण सोडली, ही परदेशात जाऊन खेळून आली." एका शिकलेल्या गृहस्थांनी, "एवढ्या पैशांत लग्नातला अर्धा खर्च निघाला असता," असा हिशेब मांडला. तिची आजी मात्र तोंडावरच म्हणाली, "अगं माय, इथं नळाला आठ-आठ दिवस पानी येत नाही, अन् तू पैशे मोजून पान्यात बुडायला चालली?"

आजीचा प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर नळ सोडणाऱ्यांनी द्यायचे आहे. बाकीच्यांसाठी हा लेख.

सहल आणि पाणी हे दोन विषय एकत्र निघाले की आपल्याला आपल्याच जिल्ह्यातला १९३४ सालचा प्रसंग आठवला पाहिजे. परमपूज्य बाबासाहेब त्या वर्षी चळवळीतल्या सहकाऱ्यांसह सहलीला निघाले होते. होय, सहलीलाच. ना सभा होती, ना परिषद. वेरूळची बौद्ध लेणी पाहायची होती, म्हणून मंडळी नाशिकहून औरंगाबादकडे आली आणि वाटेत दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. रस्त्याच्या धुळीने सगळ्यांची अंगे माखलेली. किल्ल्याच्या दरवाजाबाहेर काठोकाठ भरलेला एक लहान हौद होता. काही जणांनी त्या पाण्याने हातपाय, तोंड धुतले. झाले! मागून एक वृद्ध गृहस्थ ओरडत आले की यांनी हौद बाटवला. रमजानचा महिना होता, गर्दी जमली, शिवीगाळ झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले की तुमचा धर्म हेच शिकवतो काय, आणि उद्या एखादा अस्पृश्य मुसलमान झाला तर त्यालाही तुम्ही हे पाणी शिवू देणार नाही काय? त्यावर गर्दी गप्प झाली. अखेर किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि ती अट पाळली जाते की नाही हे पाहायला बरोबर एक हत्यारबंद शिपाई दिला गेला. बाबासाहेबांनी हे सारे स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे. त्या छोट्या पुस्तकाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा' असे आहे. ते ज्यांच्या घरी नसेल त्यांनी अवश्य मिळवावे.

सात वर्षांपूर्वी, २० मार्च १९२७ रोजी, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी याच महापुरुषाने ओंजळीत घेतले होते. ते तळे 'शुद्ध' करायला तेव्हा शेणामुताच्या घागरी ओतल्या गेल्या आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडले. हे आपल्या लेकरांना पाठ आहे. परंतु पाणी पिण्याची बंदी म्हटली की तिच्या पोटात आणखी एक बंदी होती, तिच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही. पोहण्याची.

मराठवाड्यातल्या गावात पोहणे कुठे शिकत असत? विहिरीत. पाठीला वाळका भोपळा बांधायचा, चुलत्याने वरून ढकलून द्यायचे आणि पोराने हातपाय मारत शिकायचे. आता ज्या विहिरीच्या काठाला पाय लावायची चोरी, त्या विहिरीत आमच्या बापजाद्यांना कोण उतरू देणार होते? नदीकाठच्या गावांत आमची काही माणसे डोहात शिकली, नाही असे नाही. बायकांना तर तेही नव्हते. मग गाव सोडून शहरात आलो, तिथे तलावाला फी आली आणि अंगावरच्या कपड्यांची लाज आली. दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रात शेततळ्यात, खदानीत, कालव्यात बुडालेल्या पोरांच्या बातम्या येतात. त्यांतली बरीचशी पोरे गरिबाघरची असतात. ज्याला पोहता येत नाही तो उकाड्याने हैराण होऊन पाण्यात उतरतो आणि त्याला वाचवायला जाणाऱ्यालाही पोहता येत नसते. म्हणून या मुलीने थायलंडला जाण्याच्या आधी काय केले, ते मला थायलंडपेक्षाही मोठे वाटते. ती शहरातल्या जलतरण तलावावर महिलांच्या वेळेत दोन महिने जाऊन पोहायला शिकली. वयाच्या पंचविसाव्या वर्षी, तिच्या घराण्यातली पोहणारी पहिली बाई.

कारण स्कूबाचा पुरा अभ्यासक्रम करायचा तर पोहावे लागते. साधारण २०० मीटर न थांबता पोहून दाखवायचे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगून राहायचे. थायलंडच्या आखातात कोह ताओ नावाचे बेट आहे. ताओ म्हणजे कासव, कोह म्हणजे बेट. जगभरातली मुले-मुली हे शिकायला तिथे येतात. चार दिवसांचे शिक्षण; आधी पुस्तकी धडे, मग उथळ पाण्यात सराव, मग खऱ्या समुद्रात चार वेळा उतरणे. पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर १८ मीटरपर्यंत जाता येते, म्हणजे पाच-सहा मजली इमारतीएवढे खोल.

पाठीवरच्या टाकीत प्राणवायू असतो असे आपल्याकडे पुष्कळांना वाटते. ते चूक आहे. तिच्यात आपण घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. तोंडात धरायच्या नळीतून ती हवी तेवढी मिळते. दर दहा मीटर खोलीला पाण्याचा भार एका वातावरणाएवढा वाढतो. दहा मीटरवर तो जमिनीवरच्या दुप्पट होतो. त्यामुळे कानाला दडे बसतात. ते फोडायला नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचे, खाली जाताना पुन्हा पुन्हा. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की श्वास कधी रोखून धरायचा नाही. खाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटू शकते. म्हणून सावकाश वर यायचे आणि सतत श्वास घेत-सोडत राहायचे.

ती मला म्हणाली, "काका, विहारात भन्तेजी आनापान शिकवायचे तेव्हा मला झोप यायची. तिथं पान्याखाली पहिल्यांदा कळलं की श्वासावर लक्ष ठेवायचं म्हणजे काय. घाबरलं की श्वास भराभर चालतो, हवा लवकर संपते. शांत झालं की दुप्पट वेळ राहता येतं." भन्तेजींना मी हे सांगितले. ते हसले आणि म्हणाले, विहारात पाणी भरून ठेवतो आता.

पाण्याखाली बोलता येत नाही, हातांच्या खुणांनी चालते. अंगठा वर केला तर आपण 'छान' समजतो, तिथे त्याचा अर्थ 'वर चला' असा होतो. सगळे ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. प्रत्येकाला एक जोडीदार नेमून देतात. उतरण्याआधी त्याचे पट्टे, त्याची हवा तुम्ही तपासायची, तुमची त्याने. प्रत्येकाजवळ तोंडात धरायची एक जादा नळी असते. जोडीदाराची हवा संपली तर ती त्याला द्यायची आणि एकाच टाकीतली हवा दोघांनी घेत वर यायचे. याचा सराव करून घेतात. तिची जोडीदार दुसऱ्या देशातली एक अनोळखी मुलगी होती. "चार दिवसांत कोणी माझं आडनाव विचारलं नाही," ती म्हणाली. "विचारलं ते एवढंच, कान दुखतोय का?"

ज्यांच्या आजोबांनी दौलताबादच्या हौदाची गोष्ट ऐकली असेल, त्यांना हे वाक्य वेगळे समजावून सांगायला नको.

आता सणाकडे येऊ, कारण खरा आक्षेप तिथेच होता. सोंगक्रान म्हणजे थाई लोकांचे पारंपरिक नववर्ष. हा शब्द आपल्या 'संक्रांत' शब्दाचाच भाऊ आहे. तो १३ ते १५ एप्रिल असा साजरा होतो, म्हणजे बरोबर आपल्या जयंतीच्या दिवसांत. म्यानमार, लाओस, कंबोडिया या बौद्ध देशांतही याच सुमारास नवे वर्ष येते. युनेस्कोने डिसेंबर २०२३ मध्ये सोंगक्रानला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. चित्रांत दिसतात त्या पाण्याच्या पिचकाऱ्या आणि ओली गर्दी. ते आहेच. पण सकाळ वेगळी असते. लोक विहारात जातात, बुद्धमूर्तीवर सुगंधी पाणी वाहतात. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या जोडलेल्या तळहातांवर मुले-नातवंडे पाण्याची हलकी धार धरतात, वर्षभरातल्या चुकांची क्षमा मागतात आणि मंगलकामना घेतात. आणखी एक प्रथा तिला फार आवडली. लोक विहारात वाळू नेऊन तिचे छोटे छोटे स्तूप रचतात. का? तर वर्षभर विहारात येता-जाता पायाला लागून जी माती बाहेर गेली, ती परत करायची म्हणून. सार्वजनिक वस्तूचा एवढा बारीक हिशेब! मी हिशेबाचा माणूस, मला हे ऐकून बरे वाटले.

१४ तारखेला सकाळी ती बँकॉकच्या एका विहारात गेली. पिशवीत बाबासाहेबांचा लहान फोटो होता, तो हातात धरून मागे बसली. भिक्खू पाली म्हणत होते, पण तिला एक शब्द उमजेना. थाई उच्चारात 'बुद्धं'चे 'फुत्थंग' होते आणि 'सरणं'चे 'सरणंग'. थोड्या वेळाने चाल ओळखीची वाटली, मग शब्द लागले आणि तिने आपल्या उच्चारात त्रिशरण म्हणायला सुरुवात केली. शेजारच्या बाईने फोटोकडे बोट दाखवून विचारले, हे कोण? हिच्या मोडक्या इंग्रजीत सांगून झाल्यावर त्या बाईंनी फोटोला हात जोडले. जयंती सोडून गेली म्हणणाऱ्यांनी आता ठरवावे की जयंती कुठे साजरी झाली आणि कुठे नुसता आवाज झाला. आमच्या भागात त्या रात्री भिंती हादरेपर्यंत डीजे वाजत होता.

तरी तिकडचे सगळे सोनेच, असे मी म्हणणार नाही. सोंगक्रानच्या सुट्टीत दारू पिऊन गाड्या चालवल्याने एवढे लोक दगावतात की त्या आठवड्याला तिथले सरकारच 'सात धोक्याचे दिवस' म्हणते. पंचशीलातले पाचवे शील तिथेही पोथीत राहते. शिवाय बँकॉकच्या चौकाचौकांत भुताखेतांची देवघरे आहेत आणि एक एरावन नावाचे प्रसिद्ध देवस्थान आहे, तिथे चक्क ब्रह्मदेवाची मूर्ती पुजतात. ते देवस्थान १९५६ साली उभे राहिले. त्याच साली १४ ऑक्टोबरला नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी आपल्याकडून बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि त्यांतली पहिलीच ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची आहे. मुलीने विचारले, "मग ते बौद्ध कसे?" मी म्हणालो, ते जन्माने बौद्ध आहेत, आपण विचाराने झालो. त्यांच्याकडून जे धम्माचे ते घ्यावे, ब्रह्मदेव तिथेच ठेवून यावे. ती त्या देवस्थानासमोरून गेली, पाहिले आणि हात न जोडता पुढे गेली.

दुसऱ्या बौद्ध देशात जाऊन सण-समारंभ पाहणे ही चैन नव्हे, याला आपल्याकडे आधार आहे. मे १९५० मध्ये बाबासाहेब बौद्धांच्या जागतिक परिषदेसाठी श्रीलंकेला गेले. तिथले बौद्ध विधी आणि समारंभ प्रत्यक्षात कसे होतात हे पाहणे हाही त्यांचा हेतू होता. पुढे १९५४ ला ते रंगूनला गेले आणि १९५६ ला काठमांडूला. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला, ज्याला ते वेसाक म्हणतात, घरोघरी कागदाचे आणि बांबूच्या काड्यांचे कंदील टांगतात. ते मुले स्वतः करतात. रस्त्यावर 'दानसल' लागतात, म्हणजे येईल त्याला फुकट जेवण, सरबत, चहा. दारूची आणि मांसाची दुकाने बंद असतात. आपल्या मंडळांनी डीजेच्या सुपारीतले थोडे पैसे काढून असे एखादे दानसल लावले, तर वर्गणी देणाऱ्या हमाल-मजुराला आपला पैसा कुठे गेला ते ताटात दिसेल.

आणि तिथेही डोळे उघडे ठेवावेत. श्रीलंकेत १७५३ साली सयामच्या भिक्खूंनी येऊन उपसंपदा पुन्हा सुरू करून दिली, त्यातून सियाम निकाय झाला. पुढे त्यात गोविगाम या वरच्या जातीलाच प्रवेश उरला. खालच्या मानलेल्या जातींतले श्रामणेर गप्प बसले नाहीत. ते समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेऊन आले आणि १८०३ मध्ये वेगळा अमरपूर निकाय उभा राहिला. जात बुद्धाच्या घरातही शिरते आणि तिला बाहेर काढायला समुद्र ओलांडावा लागतो.

समुद्र ओलांडणे कोणाला वर्ज्य होते? ब्राह्मणी स्मृतींना. मनूने समुद्रप्रवास करणाऱ्याला श्राद्धाच्या पंक्तीतून उठवले आहे. बौद्धांना तशी बंदी नव्हती. खात्री हवी असेल तर अजिंठ्याला जा, आपल्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात शिडे उभारलेले जहाज रंगवले आहे. ती पूर्णाची कथा. पूर्ण हा शूर्पारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, व्यापारी. सतराव्या लेण्यात सिंहल नावाच्या व्यापाऱ्याच्या समुद्रप्रवासाची मोठी चित्रमाला आहे. आपण तिथे सहकुटुंब जातो, फोटो काढतो, परत येतो. पुढच्या वेळी मुलांना ते जहाज दाखवा.

राहिला पैशांचा विषय. मुलीने कर्ज काढले नाही, म्हणूनच मी तिच्या बाजूने लिहितो आहे. हप्त्यावर सहली विकणारे हल्ली घरापर्यंत येतात. बचत गटाचे किंवा फायनान्सचे कर्ज असल्या कामाला काढू नये, मग तो देश कितीही बौद्ध असो. लग्नात अर्धा खर्च निघाला असता म्हणणाऱ्या गृहस्थांना मी एवढेच विचारले की त्या खर्चातून नवरीला काय शिकायला मिळते? त्यांनी विषय बदलला.

आणि परदेशच कशाला? सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणला किल्ल्याच्या आसपास स्कूबा चालते. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची शिक्षणसंस्था आहे. तिथे पोहता न येणाऱ्यालाही शिक्षक हाताला धरून थोडे खाली नेतात. मात्र मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा बळी गेला, हे विसरू नये. बोटीत बसताच जाकीट अंगात घालावे, गर्दी जास्त असेल तर उतरून यावे. भरलेले पैसे गेले तरी चालतील. दमा, हृदयाचा आजार, कानाचे दुखणे असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्याखाली जाऊ नये. आणि विमानाने परतायचे असेल तर शेवटच्या डुबकीनंतर किमान १८ तास जाऊ द्यावेत. अंगात साठलेला वायू त्याआधी पुरता निघत नाही.

परत आल्यावर मुलीने महिला मंडळात हे सारे सांगितले. प्रश्न थायलंडबद्दल कमी आले, तलावाबद्दल जास्त. फी किती, शिकवायला बाई आहे का, पूर्ण कपड्यांत उतरू देतात का, चाळिशीनंतर जमते का? तिने सांगितले की पोहण्याचा पूर्ण अंगभर पोशाख मिळतो, केसांना टोपी लागते, दोन फोटो आणि डॉक्टरांचा दाखला न्यावा लागतो. त्यानंतर पाच जणींनी नावे घातली. त्यांत एक तिची आई आहे. आजीनेही विचारून ठेवले आहे की काठावर बसायला तिकीट लागते का.